पाण्यापलीकडचे वैद्य आणि आमचे वाङ्मय

बेट म्हणजे चहूंकडून पाण्याने वेढलेली भूमी, अशी व्याख्या आम्ही शाळेत पाठ केली होती. ती अपुरी आहे हे कळावयास उतारवय यावे लागले, आणि त्यासाठी समुद्रावर जाण्याचीही गरज पडली नाही. आम्ही दिघीस राहतो. येथून नैर्ऋत्येस, मुळा नदीच्या काठी, बोपखेल नावाचे गाव आहे. एका अंगास नदी आणि उरलेल्या अंगांस लष्कराच्या जमिनी, असा त्याचा वेढा. त्या गावची माणसे कित्येक वर्षे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून दापोडीस जात-येत असत. २०१५ च्या मे महिन्यात तो रस्ता बंद झाला. नदीपलीकडची खडकी डोळ्यांस दिसावी आणि तेथे पोहोचण्यासाठी दिघीवरून कित्येक कोसांचा वळसा घ्यावा, अशी स्थिती झाली. लोक चिडले, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. मग सैन्याने नदीवर एक तरता पूल टाकला. पुढे तो काढूनही घेतला. आणि महापालिकेचा पक्का पूल कागदावरून पाण्यावर उतरता उतरता वर्षांमागून वर्षे गेली. मोठाल्या इस्पितळांनी गजबजलेल्या उद्योगनगरीच्या कुशीत असे एक बेट उत्पन्न झाले, आणि ते निसर्गाने नव्हे, हुकुमाने उत्पन्न झाले. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाच्या दृष्टीने नदी काय आणि बंद फाटक काय, दोन्ही सारखीच.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण एवढेच की, तेव्हापासून आम्ही मराठीतील एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. जेथे रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध उरत नाही, अशा मुलखात जाऊन राहिलेल्या वैद्यांची चरित्रे आणि आत्मकथने गेल्या काही दशकांत मराठीत पुष्कळ आली. ती आमच्या घरोघरी वाचली गेली, वाढदिवसास भेट म्हणून दिली गेली, आणि ती वाचून ज्यांचे डोळे ओलावले नाहीत असा वाचक विरळाच. आमचेही ओलावले. म्हणूनच त्यांविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते.

ह्या सर्वांत अग्रमान अर्थातच डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ ह्या आत्मकथनाचा. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडनजीक हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि नागपुरास शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण घेत असलेला एक तरुण डॉक्टर ते शिक्षण सोडून, भूलशास्त्र शिकलेल्या पत्नीसह, त्या अरण्यात राहावयास गेला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ह्या तीन नद्या तेथे जवळजवळ एकत्र येतात. पर्लकोटेला पूर चढला म्हणजे भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. म्हणजे हे पावसाळी बेटच. माडिया गोंडांची भाषा येत नाही, रोगी भयाने जवळ फिरकत नाहीत, दिव्याच्या उजेडात सारे करावयाचे, आणि जी शस्त्रक्रिया कधी केली नाही ती पुस्तक उघडे ठेवून करावयाची: हा सारा वृत्तांत लेखकाने अतिशय साध्या, कोठेही आवाज न चढविणाऱ्या भाषेत दिला आहे. पुस्तकाचा खरा गुण हाच. आपण काही विलक्षण केले असे त्यात लेखक कोठे म्हणत नाही. जे समोर आले ते केले, ह्यापलीकडे त्याचा दावा नाही. मराठी आत्मचरित्रांत हा संयम दुर्मिळ आहे, आणि त्याबद्दल ह्या पुस्तकाचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

आमची तक्रार पुस्तकाविषयी नसून त्याच्या वाचनाविषयी आहे. आणि काही अंशी ह्या वाङ्मयप्रकाराच्या घडणीविषयी. २०१४ साली ह्याच दांपत्याच्या जीवनावर जो चित्रपट निघाला त्याच्या नावातच ‘द रिअल हिरो’ ही अक्षरे घातलेली आहेत. लेखकाने जे म्हणावयाचे टाळले ते पाटीवर लिहिले गेले. ह्या प्रकारच्या कथनास एक नायक लागतो. नायकास अरण्य लागते. आणि अरण्य भयाण दिसावे म्हणून तेथे दुसरे कोणी नाही असे दाखवावे लागते. मग सरकार ह्या कथेत कोठे येते? आलेच तर एखाद्या परवानगीस विलंब लावणारा कारकून म्हणून, नाही तर शेवटच्या प्रकरणात हार घेऊन येणारा मंत्री म्हणून. मधल्या सगळ्या पानांत ते नसते. आणि ते नसणे वाचकास खटकतही नाही, कारण ते असते तर नायकाची उंची थोडी कमी झाली असती. आम्ही मध्यमवर्गीय वाचक पुस्तक मिटतो, एखादी देणगी पाठवितो, सुटीत मुलांस घेऊन तो प्रकल्प पाहूनही येतो, आणि आपले कर्तव्य झाले असे समजून निजतो. त्या तालुक्यातील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही, हे विचारावयाचे आम्हांस सुचत नाही. साधूच्या कथेतून कराचा हिशेब कोण मागणार?

हाच दोष वर्तमानपत्री लेखनात अधिक उघडा पडतो. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत, नर्मदेच्या काठी डोंगरउतारावर भिल्ल-पावरांचे पाडे आहेत. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित केली, त्यांतील हा मुलूख. २०१७ साली धरणाचे दरवाजे मिटले, २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर ह्या पूर्ण पातळीस भरला, आणि जे पाडे पूर्वी पायवाटांनी जोडलेले होते ते पाण्याच्या बोटांमध्ये एकेकटे उरले. तेथे आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना आहे, ही गोष्ट खरी. परंतु दवाखाना तरंगतो एवढ्यावरून तो रोज प्रत्येक पाड्यास लागतो असे होत नाही. २०२० साली, साथीच्या दिवसांत, बाया-बापड्यांनी भयाने अंगणवाडीत येणे सोडले, तेव्हा चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका एका कोळ्याची छोटी होडी मागून घेऊन, स्वतः वल्ही मारीत, अलिगाट व दादर ह्या पाड्यांवरील गरोदर बायांस आणि तान्ह्या मुलांस पाहावयास जाऊ लागली. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. मुलांची वजने करावयाची, पोषण आहार पोहोचवावयाचा, आणि वल्ही मारून मारून सुजलेले खांदे घेऊन संध्याकाळी घरी यावयाचे.

तिच्यावर देशभरच्या पत्रांनी लिहिले. जे आमच्या वाचनात आले त्यांतील बहुतेक सर्व स्तोत्रे होती. ती ‘नर्मदेची कन्या’ झाली, ‘रणरागिणी’ झाली, आणखीही काय काय झाली. एक साधी गोष्ट मात्र त्या स्तोत्रांतून हरवली: ही बाई सरकारी योजनेचीच सेविका होती. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचे ते शेवटचे टोक. म्हणजे सरकार त्या पाड्यापर्यंत पोहोचले होते. परंतु ते तिच्या दंडांनी पोहोचले होते. जिच्याकडून हे काम करून घ्यावयाचे तिला ‘मानधन’ मिळते, वेतन नव्हे. होडी मागून आणलेली, आणि खांदे तिचे स्वतःचे. तिच्या धैर्याचे वर्णन करणाऱ्या लेखकाने, ती होडी सरकारी का नव्हती, एवढा एक प्रश्न विचारला असता, तर त्या लेखाचे रूप पालटले असते. स्तुती ही कधी कधी प्रश्न न विचारण्याची सभ्य रीत असते.

आणि येथे बोपखेलची आठवण पुन्हा होते. नर्मदाकाठचे पाडे असोत, कोयनेच्या शिवसागराने कांदाटी खोऱ्यात तोडलेली गावे असोत, ही बेटे ब्रह्मदेवाने निर्माण केलेली नाहीत. कोठे धरण बांधले, कोठे फाटक लावले. ते योग्य होते की अयोग्य, हा वाद येथे आम्ही करीत नाही. कोयनेची वीज आमच्याही घरात जळली आहे. परंतु ज्याने पाणी आणले त्याच्यावर होडीची जबाबदारी येते, हे समजावयास फार मोठे तत्त्वज्ञान नको. आमच्या वाङ्मयात पाहावे तर बेट सरकारने करावे आणि होडी मात्र देवाने पाठवावी, असा काहीसा प्रकार दिसतो.

कोणी म्हणेल, वाङ्मयाकडून ही अपेक्षाच चुकीची आहे. सरकारी यंत्रणा हा नीरस विषय. त्यावर अहवाल लिहिले जातात, पुस्तके नव्हेत. ह्या आक्षेपास उत्तर म्हणून आम्ही वाचकांस एका अहवालाकडेच नेऊ इच्छितो. स्कॉटलंडच्या उत्तरेस व पश्चिमेस डोंगराळ मुलूख आणि त्यापुढे शेकडो लहानमोठी बेटे आहेत. १९११ साली ब्रिटनमध्ये विम्याचा कायदा झाला: कामगाराने थोडे द्यावे, मालकाने थोडे, सरकारने थोडे, आणि आजारात कामगारास वैद्य मिळावा. परंतु त्या बेटांवर मालकच नव्हते. टीचभर जमिनीचा तुकडा कसणारा, दोन मेंढ्या पाळणारा आणि वेळेस मासे मारणारा माणूस कोणाचा नोकर? कायदा उत्तम होता. तो फक्त ह्या माणसांस लागू पडत नव्हता. म्हणून १९१२ च्या उन्हाळ्यात सर जॉन ड्यूअर ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. (ड्यूअर हे नाव काही वाचकांस निराळ्या कारणाने परिचित वाटेल. होय, तेच घराणे. मद्याच्या व्यापाऱ्याकडून आरोग्याचा असा अहवाल यावा, ही इतिहासाची थट्टा म्हणावी.)

ह्या समितीने डॉक्टरांस प्रश्नावल्या पाठविल्या, मुलूख फिरून साक्षी घेतल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल हाती ठेवला. आपल्याकडील समित्यांचा अनुभव असलेल्या वाचकाने ह्या तारखा पुन्हा एकदा वाचाव्यात. पण वेगापेक्षाही त्या अहवालाची नजर महत्त्वाची आहे. त्यात नायक नाही. डॉक्टर आहे, पण तो घोड्याच्या दाण्याचा आणि होडीच्या भाड्याचा हिशेब करीत बसलेला आहे. त्यास राहावयास घर नाही, सुटी घेतली तर बदली माणूस नाही, म्हातारपणी निवृत्तिवेतन नाही. रोगी जितका दूर, तितका येण्याजाण्याचा खर्च अधिक. म्हणजे ज्यास वैद्याची गरज सर्वांत जास्त त्यासच तो सर्वांत महाग. त्यामुळे लोक वैद्यास बोलावीतच नाहीत, आणि कित्येक मृत्यू कोणत्याही डॉक्टरने कारण न नोंदविताच दप्तरात जातात. माणसे दुष्ट नाहीत, वैद्य आळशी नाहीत. गणितच चुकले आहे, हे तो अहवाल शांतपणे दाखवितो. चांगली कादंबरी जे करते तेच हे. दोष कोणा एकावर न ढकलता परिस्थितीची वीण उलगडून दाखवावयाची.

पुढच्याच वर्षी, १९१३ साली, कायदा झाला आणि दर वर्षास ४२,००० पौंडांचे अनुदान मंजूर झाले. डॉक्टरास किमान उत्पन्नाची हमी आणि प्रवासाचा खर्च मिळू लागला. आणि रोग्याकडून घ्यावयाची फी थोडी व ठरलेली, मग तो शेजारच्या घरी असो की तीन खाड्या ओलांडून पलीकडे असो. अंतराचा भार रोग्याच्या पाठीवरून उचलून सरकारी तिजोरीवर ठेवला, एवढीच ह्या योजनेची कल्पना. १९३३ साली आयला बेटावरून एक रोगी विमानाने मुख्य भूमीवर इस्पितळात नेण्यात आला. १९४८ साली सबंध ब्रिटनसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा बेटवासीयांस तिच्यासारखे काही तरी पस्तीस वर्षे परिचयाचे होते. ह्यावरून तेथे सारे आबादीआबाद झाले असे मात्र कोणी समजू नये. सेंट किल्डा ह्या दूरच्या बेटावरील शेवटच्या ३६ माणसांनी १९३० साली स्वतः अर्ज करून आपले बेट कायमचे सोडले. कित्येक बेटे सेवेनेही राहात नाहीत. तथापि, आपण होऊन सोडणे निराळे आणि पाणी चढले म्हणून सोडणे निराळे.

आता आमच्या घरचा अहवाल. सर जोसेफ भोर ह्यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. त्यांच्या समितीने १९४६ साली हिंदुस्थानच्या आरोग्यव्यवस्थेचा जो आराखडा मांडला, त्याच्या पायावरच आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी आहेत. आमच्या सुशिक्षित घरांत तो कोणी वाचला असेल असे आम्हांस वाटत नाही, आणि ही खेदाची गोष्ट आहे. कारण पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणासही उपचारावाचून राहावे लागू नये, हे तत्त्व त्यात निःसंदिग्धपणे मांडलेले आहे. मात्र त्यासही एक मर्यादा आहे आणि ती पुढील सर्व नियमांत उतरली. भोर समितीच्या जवळच्या काळाच्या योजनेत ४०,००० लोकांमागे एक केंद्र होते. आजचा नियम सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक केंद्र व ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, आणि डोंगरी व आदिवासी मुलखात अनुक्रमे २०,००० व ३,००० असा आहे. सवलत आहे, नाही असे नाही. पण मोजली ती डोकीच; मधले पाणी मोजलेच नाही. तीन हजार माणसे एका पेठेत राहतात, आणि तीन हजार माणसे दहा डोंगरांच्या वीस सोंडांवरही राहतात. दोन्हींस एक उपकेंद्र दिले म्हणजे दोन्हींस सारखेच दिले, असे कागद म्हणतो. ड्यूअर अहवालाने जो प्रश्न प्रथम विचारला तो आम्ही अजून शेवटीही विचारलेला नाही. मुंबईच्या गेटवेपासून जेमतेम दहा किलोमीटरवर असलेल्या घारापुरीस वीज पोहोचावयास २०१८ साल उजाडले. ज्या बेटाची लेणी पाहावयास जग लोटते, त्याची ही कथा. मग चिमलखेडीची कथा काय सांगावी?

मराठीत ह्या दृष्टीने लिहिलेले काहीच नाही असे म्हटल्यास मात्र अन्याय होईल. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ ह्या नावाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी ह्यांनी, आणि निरनिराळ्या स्वयंसेवी संस्थांनी, गावोगाव जन्म व बालमृत्यू प्रत्यक्ष मोजून, सरकारी नोंदवहीतून किती मुलांचे मरण गळते हे त्यात दाखविले. नाव काव्यमय, आत सारे आकडे. आणि तरीही तो वर्तमानपत्रांत गाजला, सभागृहात गाजला, आणि शासनास डॉ. बंग ह्यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यूंच्या मूल्यमापनाची समिती नेमावी लागली. नोंद न झालेल्या मृत्यूंपासून आरंभ करणे, हे ड्यूअर अहवालाशी त्याचे नाते आहे, जरी दोहोंत नव्वद वर्षांचे अंतर असले तरी. त्याच्या आधी गडचिरोलीच्या ३९ गावांत बंग दांपत्याने गावातीलच बायांना शिकवून, नवजात अर्भकाची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यकपत्रात त्याचा वृत्तांत आला. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले होते. २०११ पासून केंद्र सरकारने हीच पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली: बाळ बेचाळीस दिवसांचे होईतो घरी ठरलेल्या भेटी.

‘प्रकाशवाटा’ आणि ‘कोवळी पानगळ’ शेजारी ठेवून वाचली म्हणजे आमचे म्हणणे आपोआप स्पष्ट होते. पहिल्या पुस्तकातील माणसाचे अनुकरण करता येत नाही. त्यास नमस्कार करता येतो. दुसऱ्यातील बाईचे अनुकरण करता येते, म्हणूनच ती शासनाच्या नियमावलीत शिरू शकली. मात्र शिरताना तिचे काय झाले, हेही लिहिले पाहिजे. प्रयोगात तिच्यामागे औषधांचा साठा होता, नियमाने येऊन पाहणारा पर्यवेक्षक होता, आणि अडले तर नेण्यास इस्पितळ होते. नियमावलीत आल्यावर ती स्वयंसेविका ठरली, भेटीमागे ठरलेला मोबदला घेणारी; कामे मात्र वर्षावर्षास वाढत गेली. तिच्या आणि वल्ही मारणाऱ्या सेविकेच्या नशिबात फारसा फरक नाही. दोघींनाही आम्ही ‘ताई’ म्हणतो, आणि ताईस पगार देण्याची आपल्याकडे रीत नाही.

आम्हांस जे पुस्तक वाचावयाचे आहे ते अजून लिहिले गेले नाही, आणि ते कोणी थोर माणसाने लिहावे अशी आमची इच्छाही नाही. उपकेंद्रातील नर्सबाई आपल्या फिरतीची दैनंदिनी ठेवतात. तीत कोणत्या तारखेस कोणत्या पाड्यास गेलो, किती लसी दिल्या, कोण बाई कितव्या महिन्यात आहे, एवढेच असते. अशी नर्मदाकाठची दहा वर्षांची दैनंदिनी, शुद्धलेखनही न सुधारता, कोणी छापील काय? डिझेल नाही म्हणून बोट सुटली नाही, अशी नोंद तीत किती वेळा येते. नदी उतरल्यावर चिखलातून किती चालावे लागले. कोणत्या वर्षी बदली नर्स आली आणि किती दिवसांनी गेली. एखाद्या बाईचे नाव एका पानावर सातव्या महिन्यात दिसते आणि पुढच्या पानावर दिसत नाही, ते का: हे सारे तीत असेल. तिच्यात नायिका शोधू नये. तिच्या समासात तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या लाल शाईतील सह्या असतील. कोणत्या महिन्यांत त्या आहेत आणि कोणत्या महिन्यांत नाहीत, ते मात्र आम्ही फार बारकाईने वाचू.